पारवा कुठे गेला?

शाळेच्या मागच्या अंगाला, विहिरीकडे उघडणाऱ्या खिडक्यांचा जो चित्रकलेचा वर्ग होता, तेथे आमच्या तुकडीने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी केली. स्थिरचित्रासाठी सर कधी तांब्या आणि दोन आंबे, तर कधी कंदील आणि सूप मांडून ठेवत, आणि पेन्सिल हातात घेण्यापूर्वी समोर काय आहे ते प्रत्येकाला तोंडाने सांगायला लावत. कोणी ‘पितळेचा तांब्या’ असे म्हटले की ते अडवत. पितळ हे तुला ठाऊक आहे, दिसते ते काय, एवढेच ते विचारत; मग पिवळसर गोल पोट, त्यावर पडलेली खिडकीची पांढरी चौकट, बुडाशी आंब्याची तांबूस झाक, अशी उत्तरे हळूहळू बाहेर येत. ‘आधी दिसता ता सांग, वाटता ता मगे,’ हे त्यांचे मालवणी वाक्य आम्ही मधल्या सुट्टीत त्यांच्या आवाजात म्हणून दाखवत असू. त्या वाक्याचा उपयोग परीक्षेपलीकडे काही होईल, असे तेव्हा मला वाटले नव्हते.

२००३ साली दहावी झाल्यानंतर दोन वर्षांनी मी मुंबईला प्रसारमाध्यमांच्या पदवी वर्गात दाखल झालो. तेथे वृत्तपत्र आणि जाहिरात यांच्या जोडीला संगीताच्या अल्बमची मुखपृष्ठे आणि म्युझिक व्हिडिओ यांचे विश्लेषण हा अभ्यासाचा भाग होता. फी भरून टीव्ही पाहणे हे कसले शिक्षण, हा वडिलांचा प्रश्न मला बरीच वर्षे पुरला.

पहिल्याच निबंधासाठी मी पिंक फ्लॉइड या इंग्लिश वाद्यवृंदाच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ सालच्या प्रसिद्ध अल्बमचे मुखपृष्ठ निवडले. काळ्या पार्श्वभूमीवर एक त्रिकोणी लोलक, त्यात डावीकडून शिरणारा पांढरा किरण आणि उजवीकडे बाहेर पडणारा रंगांचा पट्टा, एवढेच ते चित्र आहे. हिप्नोसिस या संस्थेने ते घडवले आणि जॉर्ज हार्डी यांनी रेखाटले. मी चार पाने लिहिली आणि त्यांत ‘सप्तरंगी’ हा शब्द अनेकदा वापरला. प्राध्यापिकांनी वही परत देताना फक्त रंग मोजायला सांगितले. ते सहा भरले. विज्ञानाच्या तासाला पाठ केलेले ‘तानापिहिनिपाजा’ माझ्या डोक्यात इतके पक्के बसले होते की समोरच्या चित्रात पारवा नाहीच, हे मला चार पाने लिहूनही दिसले नव्हते. त्या दिवशी विहिरीकडच्या वर्गाची आठवण आली आणि, खरे सांगायचे तर, लाजही वाटली.

पुन्हा पाहिल्यावर त्या मुखपृष्ठात आणखी पुष्कळ सापडले. ते उघडून पसरले की रंगांचा पट्टा आतल्या पानांवरून पुढे जातो आणि त्यातली हिरवी रेघ हृदयाच्या आलेखासारखी उसळते. हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि त्याच ठोक्यांनी संपतो, हे कळल्यावर ती रेघ तेथे का आहे ते उमगते. मागच्या बाजूस उलटा लोलक आहे आणि तेथे रंग पुन्हा एकत्र येतात. हे सारे सुमारे १२ इंचांच्या चौरसासाठी योजलेले होते, सीडीच्या १२ सेंटिमीटरांसाठी नव्हे. ध्वनिमुद्रिकांना चित्रांची मुखपृष्ठे द्यावीत ही कल्पनाही तशी फार जुनी नाही. १९३९ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत आलेल्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने ती रुजवली, आणि त्यापूर्वी बहुतेक तबकड्या साध्या कागदी वेष्टनांत विकल्या जात.

दुसऱ्या वर्षीच्या प्रकल्पासाठी मात्र मी परदेशी काही घेतले नाही. मे महिन्यात घरी आलो असताना कुडाळच्या एसटी स्थानकासमोरील टपरीवरून डबलबारी भजनाच्या, म्हणजे दोन भजनी बुवांमधल्या सामन्याच्या, अकरा व्हीसीडी विकत घेतल्या आणि पट्टी घेऊन त्यांची मुखपृष्ठे मोजायला बसलो. प्रत्येकावर दोन बुवा होते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. मागे देवळाचा कळस किंवा गणपती, मध्ये ज्वाळांतून उसळणारी ‘जंगी सामना’ ही अक्षरे, आणि खाली पखवाजवादकापासून कोरसपर्यंत सगळ्यांची बारीक टाइपातील नावे. अकरापैकी नऊ मुखपृष्ठांवर दोन्ही बुवांचे चेहरे मिलिमीटरपर्यंत सारखे होते. टपरीवाल्याला कारण विचारले तेव्हा तो हसला; एका बुवांचे तोंड लहान छापले तर त्यांच्या गावची माणसे व्हीसीडीला हात लावत नाहीत, असे त्याने सांगितले. ती समानता सौंदर्यदृष्टीतून आली नव्हती, गिऱ्हाइकाच्या मानापमानातून आली होती, आणि ते मला एकाही पाठ्यपुस्तकात सापडले नसते.

त्याहून मजेची गोष्ट नजरेची. हे बुवा प्रतिस्पर्धी असूनही मुखपृष्ठावर एकमेकांकडे पाहत नाहीत; दोघांची छायाचित्रे वेगवेगळ्या स्टुडिओंतली असल्यामुळे दोघेही आपल्याकडे पाहून शांतपणे हसत असतात. नुसते चित्र पाहिले तर ते दोघे सख्खे भाऊ, भागीदार किंवा निवडणुकीतले सहउमेदवारही असू शकतील. झुंज आहे ती फक्त अक्षरांत. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६४ सालच्या निबंधात चित्राशेजारच्या शब्दांच्या या कामाला नांगर टाकण्याची उपमा दिली आहे, कारण चित्राचे अर्थ अनेक दिशांना वाहत असतात आणि शब्द त्यांतल्या एका अर्थाला जागेवर धरून ठेवतात. वर्गातल्या मुंबईकर मुलांना ही उपमा समजावून घ्यावी लागली. मालवणच्या धक्क्यावर होड्या पाहत वाढलेल्याला, नांगर असूनही होडी थोडी झुलतेच, हेदेखील वेगळे सांगावे लागत नाही.

व्हिडिओंचे विश्लेषण मला त्या मानाने जड गेले. पद्धत सोपी होती: एकदा आवाज बंद करून पाहायचे, एकदा पडदा झाकून ऐकायचे, मग दोन्ही एकत्र पाहून दृश्यांची यादी करायची आणि दृश्य समेवर बदलते की समेच्या अलीकडे-पलीकडे, हे टिपायचे. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ साली गाणे आणि दृश्य यांच्यातील तीन नाती सांगितली. दृश्य शब्दांचेच चित्रण करते, किंवा त्यांत स्वतःची भर घालते, किंवा त्यांच्याशी फटकून वागते. हे वाचताना मला शाळेचे स्नेहसंमेलन आठवले. आठवीत आम्ही ‘मी डोलकर’ या शान्ता शेळके यांच्या गाण्यावर नाच बसवला होता आणि प्रत्येक शब्दाला हातवारा नेमून दिला होता. तालीम पाहून सरांनी विचारले होते की, जे गाणे सांगते तेच हात सांगणार असतील तर हात कशाला हवेत. आम्ही रागावलो होतो आणि नाच तसाच केला होता. बक्षीस मिळाले नाही.

त्याच सुमारास त्यांनी आम्हाला कुडाळजवळच्या पिंगुळीला नेऊन ठाकर समाजातल्या कलावंतांची चित्रकथी दाखवली होती. एकेक चित्र पुढे धरून, वीणा, टाळ आणि हुडूक या वाद्यांच्या साथीने कथा गायची, ही ती परंपरा. म्युझिक व्हिडिओ आपल्याकडे आधीपासूनच होता, असे सिद्ध करण्याचा मोह मला प्रकल्पात झाला आणि मी तसे लिहिलेही, परंतु आज ते मला पटत नाही. चित्रकथीत चित्र गाणाऱ्यासाठी थांबते; रस संपेपर्यंत पान बदलत नाही. व्हिडिओत गाणे कोणासाठीही थांबत नाही आणि चित्राला त्याच्यामागे धावावे लागते. हा फरक लहान नाही.

अलिशा चिनॉय यांच्या १९९५ सालच्या ‘मेड इन इंडिया’चा व्हिडिओ आमच्या वाडीत केबल आल्यावर सगळ्यांनी पाहिला होता. केन घोष यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या व्हिडिओत पारखणारी स्त्री आहे आणि लाकडी पेटीतून मिलिंद सोमण बाहेर येतो तो पारखला जाण्यासाठी. पडद्यावर पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री, अशी चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ साली केलेली मांडणी येथे उलटते, हे मी प्रकल्पात मोठ्या अभिमानाने नोंदवले. आमच्या आजीने हेच तेव्हा ‘स्वयंवर’ या एका शब्दात सांगितले होते.

सरांच्या नियमाला मर्यादा आहेत, हेही पुढे कळले. बीटल्सच्या १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमच्या मुखपृष्ठावर नामवंतांची जी गर्दी उभी आहे, तीत आधी महात्मा गांधींची प्रतिमाही होती. भारतात भावना दुखावतील या भीतीने कंपनीने ती काढायला लावली. चित्राकडे कितीही वेळ पाहिले तरी ही गोष्ट त्यातून निघत नाही, ती बाहेरून शोधावी लागते. मी हे सरांना पत्राने कळवले तेव्हा त्यांनी पोस्टकार्डावर उत्तर दिले की, ती जागा भरली कशी गेली, ते मात्र दिसेलच.

सर आता निवृत्त आहेत आणि चित्रकलेच्या वर्गात संगणक बसले आहेत. डबलबारीच्या व्हीसीडी कधीच्या गेल्या, सामने यूट्यूबवर आले आणि दोन बुवा, देऊळ, ज्वाळा हे सगळे फोनच्या पडद्यावर काडेपेटीएवढ्या चौकटीत दाटले. गेल्या गणपतीत अशाच एका सामन्याचे चित्र मी सरांना पाठवले आणि व्हीसीडीपासून आजवर मांडणी कशी टिकून राहिली आहे, यावर आठ-दहा ओळी लिहिल्या. उत्तर एका ओळीचे आले: ‘उजवीकडल्या बुवांची पेटी खंय गेली?’ मी पुन्हा पाहिले. डावीकडच्या बुवांपुढे हार्मोनियम होती आणि उजवीकडच्या बुवांचे हात हवेतच थांबले होते. व्हिडिओची लांबी दाखवणारी काळी पट्टी नेमकी त्या कोपऱ्यात येऊन बसली होती.