स्नेहलचे बारा शब्द

राग आलाय की बरं वाटलंय, तेच ठरत नाहीये.

झालं एवढंच. स्नेहल एकदाची तयार झाली. ब्लॉकचेनवर चालणाऱ्या, कुणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या नव्या सोशल नेटवर्कवर खातं उघडलं, युजरनेम निवडलं, स्क्रीनवर बारा शब्द आले. 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून उचललेले हे बारा म्हणजेच खात्याची चावी, हे मी सांगितलं. तिने मुकाट्याने कागदावर उतरवून घेतले. चौथा कोणता, नववा कोणता, अशी अ‍ॅपने उलटतपासणी घेतली. त्यातही पास झाली. मग कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "तूच ठेव. माझ्याकडून हरवेल."

आणि गेली!

मग मी इतका वेळ काय भिंतीशी बोलत होतो? चावी हरवली तर परत देणारी कंपनी नाही, खातं बंद करणारा साहेब नाही, नाव तुझं, फॉलोअर तुझे, उद्या अ‍ॅप आवडेनासं झालं तर हे सगळं घेऊन दुसऱ्या अ‍ॅपवर जा. फारकास्टर, लेन्स ही असली नेटवर्कं हेच तर करू बघतायत. मधला माणूस नको म्हणून एवढा खटाटोप, आणि हिने मलाच मधला माणूस करून टाकलं.

नेहमीचंच आहे म्हणा. बिटकॉइनबद्दल बोलायला लागलो तेव्हा लोक विषय बदलायचे. भाव चढला की त्यांचेच फोन, "आत्ता घेऊ का?" भाव पडला की "तुझं बरं चाललंय ना?", तेही जरा जास्तच काळजीने. मालकी कुणाची, हे काही कधी कुणी विचारलं नाही. आईनेसुद्धा... जाऊ दे.

स्टीम या ब्लॉकचेनवरच्या जुन्या सोशल नेटवर्कची गोष्ट तर मी मुद्दाम सांगितली होती. 2016 मध्ये ते आलं तेव्हा प्रत्येक पोस्टखाली तिच्या कमाईचा डॉलरमधला आकडा दिसायचा. कुणी वडील गेल्याचं लिहिलं तरी खाली कुणीतरी "छान पोस्ट, फॉलो केलंय" टाकून मोकळा. तरी आम्हाला वाटायचं, लिहिणाऱ्यांचे दिवस आले! मग 2020 मध्ये जस्टिन सन या क्रिप्टो उद्योजकाने स्टीममागची स्टीमिट कंपनी विकत घेतली. मार्चमध्ये मोठ्या एक्स्चेंजेसनी, म्हणजे क्रिप्टो नाणी घ्यायच्या-विकायच्या बाजारांनी, ग्राहकांनी त्यांच्याकडे ठेवलेल्या नाण्यांच्या जोरावर मतं टाकली आणि नेटवर्क चालवणारे विटनेस बदलून टाकले. नाणी ज्यांची, त्यांना कुणी विचारलंही नाही. त्याच महिन्याच्या 20 तारखेला विरोधकांनी हाइव्ह नावाने वेगळी चूल मांडली. म्हणून बजावलं होतं, चावी दुसऱ्याकडे ठेवायची नाही.

तिला पटलंही होतं. "बरोबर आहे," म्हणाली होती. मग लगेच कागद कसा दिला? ऐकलंच नव्हतं? मला बरं वाटावं म्हणून खातं उघडलं आणि विषय संपवला? संध्याकाळभर हेच घोळवत बसलो. ऐकलं असतं तर दिलाच नसता. की नीट ऐकलं, पण तिच्या हिशेबात 'दुसऱ्याकडे' म्हणजे माझ्याकडे नव्हेच?

या शक्यतेचा विचार असल्या नेटवर्कांच्या एकाही आराखड्यात, व्हाइटपेपरमध्ये सापडणार नाही.

तर आता मी एक्स्चेंज. खातेदार एक. केवायसी लहानपणीच झालेली. पैसे काढण्यावर कसलीही मर्यादा नाही, कारण पैसेच नाहीत. तिची पहिली पोस्ट आली आहे: "हे कसं वापरायचं?" मी लाइक केलं. अजून तरी मी एकटाच.

माझे स्वतःचे शब्द कुठे आहेत, हे मात्र माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. इतकी वर्षं याचा अभिमान होता. आज पहिल्यांदा वाटलं, निदान एकाला तरी सांगून ठेवावं. आणि सांगायचं तर तिलाच. पण ती काय म्हणणार तेही माहीत आहे: "व्हॉट्सअ‍ॅप कर ना."