गेरूच्या भिंतीवर पंचगंगा

वारली चित्रांच्या कार्यशाळेत बहुतेक वेळा तयार लाल कापड, पांढरा पोस्टर कलर आणि समोर तारप्याभोवतीच्या (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य) नाचाचा नमुना असतो. दोन तासांत सगळे तोच नाच काढतात आणि घरी जातात. पाणी हा विषय घेऊन कार्यशाळा करायची असेल तर ही वाट सोडा. वारली चित्रात विहीर वरून पाहिल्यासारखी गोल असते आणि तिच्या काठावरची बाई बाजूनं पाहिल्यासारखी उभी असते. क्षितिज नसतं, निळा रंग नसतो. एका गावाचं सगळं पाणी एकाच भिंतीवर मांडायला यापेक्षा सोयीची रीत आम्हाला माहीत नाही. तेव्हा हात वारल्यांकडून शिकावा आणि पाणी मात्र आपलं, कोल्हापूरच्या पंचगंगेचं काढावं.

शिकवायला पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार या भागातलाच वारली चित्रकार बोलवा. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, पण वारली चित्रांचं नाव १९७० च्या दशकातच शहरांत पोचलं होतं; आणि चित्रं त्याच्या कितीतरी आधीपासून कुडाच्या भिंतींवर होती आणि ती काढणाऱ्या मुख्यतः बाया होत्या. लग्नातला पालघट देवीचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, सुवासिनी काढतात आणि तो विधीचा भाग आहे. शोभेसाठी तो काढायला लावू नका, पाहुण्या चित्रकाराला तसा आग्रहही करू नका. मानधन, प्रवास आणि राहण्याची सोय आधी ठरवून घ्या. चित्राच्या फलकाच्या कोपऱ्यात पाहुण्या चित्रकाराचं नाव सहभागी लोकांच्या आधी यावं.

दिवस जानेवारी ते मार्चमधले निवडा. माती नीट वाळते हे एक कारण. दुसरं असं की या दिवसांत बंधाऱ्यांत बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात. बंधाऱ्याच्या वर तुडुंब पाणी आणि खाली दगड उघडे, असं दोन्ही एका जागी उभं राहून पाहता येतं.

आता भिंत. डिस्टेंपर किंवा प्लॅस्टिक पेंट लावलेल्या भिंतीवर माती धरत नाही, वाळली की पापुद्र्यासकट सुटते. त्यापेक्षा बुरुडाकडून सहा बाय चार फुटांचा तट्ट्या, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांचा फलक, विणून घ्या आणि त्याला मागून बांबूची चौकट बांधून घ्या. वारल्यांच्या घराची भिंत कारवीच्या काड्यांवर माती लिंपून करतात; तट्ट्या त्याच जातीचं काम करतो. एका तट्ट्याला तांबडी माती दोन घमेली, ताजं शेण अर्धं घमेलं आणि बोटाच्या पेराएवढं चिरलेलं भाताचं काड पाव घमेलं लागतं. माती चाळून घ्या, पाणी घालून रात्रभर भिजू द्या, सकाळी शेण आणि काड घालून पायानं तुडवा. नदीकाठची काळी माती जवळ मिळते म्हणून ती वापरायचा मोह होतो. वापरू नका. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. दुसऱ्या दिवशी फलकावर बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. पन्हाळा, शाहूवाडीकडची तांबडी माती त्या मानानं फार कमी आकसते.

तट्ट्या जमिनीवर आडवा ठेवून अर्ध्या बोटाच्या जाडीचा थर द्या. उभा करून लिंपाल तर ओझ्यानं थर खाली सरकतो. वाळवण सावलीत, दोन दिवस. उन्हात ठेवला की वरची साय आधी वाळते, आतला ओलावा अडकतो आणि कडा उचलतात. बारीक भेगा राहिल्याच तर शेणकाला हातानं फिरवून बुजवा. वाळलेला फलकही जड असतो, उचलायला चार माणसं लावा.

गेरू कुंड्यांना लावतात तोच. फार भडक लाल दिसला तर तो घेऊ नका, त्यात बहुधा रासायनिक रंग मिसळलेला असतो आणि पांढऱ्या रेषेत त्याची लाली उतरते. एका फलकाच्या दोन हातांना सहाशे ग्रॅम गेरू, दीड लिटर पाणी आणि पन्नास ग्रॅम बाभळीचा डिंक पुरतो. डिंक आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवून गाळून घ्यायचा. डिंकाशिवाय लावलेला गेरू हाताला आणि कपड्याला लागत राहतो.

पांढरा रंग तांदळाचा. त्यासाठी घनसाळसारखा सुवासिक तांदूळ नको, साधी कणी चालते. उकडा तांदूळ मात्र घेऊ नका. पाव किलो कणी आठ तास भिजवा, गंधासारखी मऊ वाटा आणि सुती कापडातून गाळा. खरखरीत राहिली तर काडीच्या टोकात कण अडकून रेष तुटते. त्यात पंचवीस ग्रॅम डिंकाचं पाणी घाला. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रेष पिठासारखी झडते, जास्त झाला तर चकाकते आणि पांढरेपणा जातो. दाटपणा ताकाएवढा असावा. नवखे लोक हमखास फसतात ते पुढच्या गोष्टीत: ओली रेष पुसट दिसते आणि वाळल्यावरच पांढरी होते. म्हणून ते तीच रेष तीन वेळा गिरवतात आणि पंधरा मिनिटांनी माणसाचे पाय खांबाएवढे जाड झालेले असतात. पहिल्या तासात सगळ्यांना एका कोपऱ्यात एकच रेष काढायला लावा आणि ती वाळेपर्यंत थांबायला सांगा. हा रंग एका दिवसात आंबतो. रोज ताजा वाटा.

काडी ओल्या बांबूची, वीतभर लांब आणि पेन्सिलीपेक्षा बारीक. टोक पेरभर, दगडानं हलकं ठेचून किंवा चावून तंतू सुटे करायचे. वाळका बांबू ठेचला की उभा फुटतो. दर माणशी तीन काड्या ठेवा, कारण तासाभरात टोक मऊ पडतं.

हे साहित्य आधी तयार असू द्या, पण पहिल्या दिवशी काडी कुणाच्या हातात देऊ नका. तो दिवस माहिती गोळा करायचा, आणि आमच्या मते कार्यशाळेचा जीव तिथंच आहे. नदीकाठच्या गावातल्या आजी-आबांकडे पाच-पाच जणांच्या गटानं जा. "पाण्याबद्दल सांगा" असं विचाराल तर दोन वाक्यांत उत्तर संपेल. नेमकं विचारा. मोट म्हणजे बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची चामड्याची पिशवी, धाव म्हणजे बैल चालतात तो उतार, थारोळं म्हणजे मोट रिकामी होते ती जागा, नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोर. आबा, मोटेला बैल किती, धाव किती पावलांची? थारोळ्यातनं पाणी पाटात कसं जायचं? नाडा कशाचा, सोंदूर कशाचा? बर्गे कधी घालायचे, कधी काढायचे? आजी, तरण्या पावसात काय पेरायचं राहिलं असेल तर काय करायचात? पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस, हे सगळं त्यांच्या बोलण्यात आपोआप येतं. नक्षत्रांची वाहनं फलकाच्या चौकटीला फार शोभतात. प्राण्यांची ओळ वारली हाताला सहज येते.

दुसऱ्या दिवशी आधी नदी काढायची, मग बंधारा, मग माणसं, आणि टिपके सगळ्यात शेवटी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, या पाचांची पंचगंगा प्रयाग चिखलीला होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. उपनद्या दोन बोटं रुंद आणि पंचगंगा चार बोटं ठेवली की फलकाचा तोल जमतो. सरस्वती नुसत्या टिपक्यांनी काढा. नदीच्या दोन काठांच्या आत प्रवाहाच्या दिशेनं बारीक, तुटक रेषा भरा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला त्या आडव्या आणि दाट घ्या, खाली विरळ, मध्ये दगडाचे टिपके. निळ्याची गरज लागत नाही.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा काढताना खांब, खांबांतल्या खाचा आणि खाचांत बसवलेले बर्गे दिसले पाहिजेत. बर्ग्यांच्या दोन ओळी आणि त्यांमध्ये भरलेली माती, अशी जुनी रीत आहे. शिडीसारख्या दोन पट्ट्या आणि मध्ये टिपके काढले की ती कळते. पावसाळ्याआधी बर्गे काढले नाहीत तर पुराचं पाणी अडून काठ कापतं. त्यासाठी शेजारी दुसरा, बर्गे काढलेला बंधारा काढा. एकाच फलकावर उन्हाळा आणि पावसाळा शेजारी बसतात आणि वारली रीतीला त्याचं वावडं नाही.

मोटेत एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. भरलेली मोट वर येत असताना बैल विहिरीकडे तोंड करून चढताना काढतात. बैल धावेच्या उतारावरून विहिरीपासून लांब जातात, तेव्हा मोट वर येते. ती थारोळ्यात रिकामी झाली की बैल मागं मागं सरकत विहिरीकडे येतात. म्हणजे दोन्ही वेळा बैलांची शिंगं विहिरीच्या उलट बाजूला. हे ज्यानं आदल्या दिवशी विचारलं असेल, त्याचंच चित्र बरोबर येतं.

फलकाच्या उजव्या कडेला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी उभी मोजा. एका फुटाला दोन सेंटीमीटर असं माप धरलं की चार फुटांच्या उंचीत सगळं मावतं. इशारा पातळी ३९ फूट म्हणजे ७८ सेंटीमीटरवर टिपक्यांची ओळ, धोका पातळी ४३ फूट म्हणजे ८६ वर दुसरी. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, ती ओळ ११० च्या वर आणि तिच्याही वर २०२१ ची. या दोन ओळींजवळ माणसं काढायची असतील तर घराच्या कौलांवर काढा, ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना ती लगेच ओळखू येतील.

माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. आधी वरचा, मग खालचा, मग डोकं, हातपाय शेवटी. उंची चार बोटांपेक्षा जास्त नको. मोठी माणसं झाली की पाणी मागं पडतं. चूक झाली तर ओल्यात पुसू नका, पांढरा धुरकट डाग राहतो. वाळू द्या, वरून गेरूचा ठिपका द्या आणि त्यावर पुन्हा काढा.

फलक सोप्यात किंवा आतल्या भिंतीला टेकवून ठेवा, जमिनीपासून वीतभर वर. तांदळाच्या रंगाला मुंग्या लागतात आणि कोल्हापूरच्या जुलैमध्ये बुरशी येते. जूनच्या आधी फलकाचे नीट फोटो काढून घ्या. मग माती फोडून घमेल्यात भरा, तट्ट्या धुऊन माळ्यावर टाका. तीच माती पुढच्या जानेवारीत भिजवून, नवं शेण घालून पुन्हा लिंपता येते.