ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं

कराडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं मेडिकल आहे. सकाळचा पहिला तास ठरलेला असतो. बीपीच्या गोळ्या, थायरॉईडच्या गोळ्या आणि रात्री कुणाच्या तरी पोराला आलेला ताप. एप्रिलमधल्या त्या मंगळवारी शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात आमचे नेहमीचे ड्रायव्हरदादा त्याखालून वाकून आत आले. टुरिस्ट गाडी चालवतात, कराड-पुणे रोजचं येणंजाणं.

"मॅडम, हे बघा वो काय झालंय."

त्यांनी टोपी काढली. दोन्ही गाल सुजून लाल झालेले, कपाळावर मोहरीएवढे पाण्याचे फोड, मान शर्टाच्या कॉलरपर्यंत पेटलेली. कॉलरच्या खाली मात्र काही नाही. हनुवटीच्या खालचा भाग आणि कानामागची कातडीही स्वच्छ. जिथे ऊन पोचत नाही, तिथे पुरळ नाही. एवढी सरळ रेघ मी आजवर फक्त पुस्तकातल्या फोटोत पाहिली होती.

"परत आलं. आता तर ते दुखण्याचं मलमबी बंद केलंय. तुमचीच क्रीम लावतोय फकस्त."

माझीच क्रीम. सनस्क्रीन. पाच दिवसांपूर्वी याच काउंटरवरून मीच दिली होती.

सगळं फेब्रुवारीत सुरू झालं. गिअर टाकून आणि स्टिअरिंग ओढून त्यांची दोन्ही कोपरं धरली होती, उजवं जास्त. डॉक्टरांनी केटोप्रोफेनचं, म्हणजे दुखण्यावर लावायचं, जेल लिहून दिलं. आराम पडला. मग रिकामी ट्यूब दाखवून ते पुन्हा जेल घेऊन गेले, मीही दिलं. आपल्याकडे हे असंच चालतं, आणि मी त्यात नव्हते असं म्हणणार नाही. दुसऱ्या ट्यूबला ते खांद्यालाही लावायला लागले. मार्चमध्ये उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत पुरळ उठलं. त्याच जेलने माखलेला खांदा मात्र बाहीखाली ठणठणीत. डॉक्टरांनी ओळखलं, हे जेल आणि ऊन यांच्या जोडीचं काम आहे. जेल बंद, ऊन टाळा, सनस्क्रीन लावा.

दादांना ते पटत नव्हतं. "एसी असतोय, काच वर असती. ऊन लागतंय कुठं?" मी त्यांना कागदावर काढून दाखवलं होतं. कातडी भाजणारे यूव्हीबी किरण साधी काच बऱ्यापैकी अडवते, यूव्हीए मात्र बाजूच्या काचेतून बरेच आत येतात. आणि असल्या ॲलर्जीत खेळ यूव्हीएचाच असतो. मग त्यांनीच हिशोब मांडला, आणि तो माझ्या कधी डोक्यात आला नव्हता. सकाळी पुण्याकडे निघालं की गाडीचं तोंड उत्तरेला, म्हणजे ड्रायव्हरच्या उजवीकडे पूर्व. दुपारनंतर परत फिरलं की तोंड दक्षिणेला, उजवीकडे पश्चिम. "म्हणजे जाताना बी उजवा आन् येताना बी उजवाच," ते म्हणाले. बावीस वर्षं तोच हात उन्हात.

त्या दिवशी सनस्क्रीन देताना त्यांनी विचारलं होतं, तीस आणि पन्नासमध्ये फरक काय. मी नेहमीचं सांगितलं. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. तेही प्रयोगशाळेतल्यासारखा, चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम असा जाड थर दिला तर. आपण लावतो त्याच्या निम्मंही नाही. यूव्हीएसाठी ट्यूबेवरच्या 'PA' या अक्षरांपुढची अधिकची चिन्हं मोजा, असंही सांगितलं. समोरची सगळी अक्षरं मी वाचून दाखवली. मागची वाचलीच नाहीत.

तर त्या मंगळवारी दादांना बाकावर बसवलं, थंड पाण्याने तोंड धुवायला लावलं आणि कपाटातल्या सनस्क्रीनच्या सगळ्या ट्यूबा काउंटरवर उलट्या मांडल्या. अकरा निघाल्या. अक्षरं इतकी बारीक की मोबाइलचा कॅमेरा मोठा करून वाचावी लागली. औषधाच्या खोक्यावर घटक आणि प्रमाण ठळक छापलेलं असतं. सनस्क्रीन आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत मोडतं, त्यामुळे मागे नुसती नावांची लांबलचक आगगाडी. जास्त प्रमाणातलं आधी, कमी नंतर, आणि एक टक्क्याच्या खालचे डबे कसेही जोडलेले. आकडा कुठेच नाही.

त्यात किरण अडवणाऱ्या एकाच घटकाची दोन-दोन नावं. जाहिरातीत ॲव्होबेन्झोन म्हणतात, तेच मागे ब्युटाइल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन होतं. ऑक्सिबेन्झोन मागे बेन्झोफेनोन-३ म्हणून बसलेलं असतं. फार्मसी शिकलेल्या माझीही जीभ अडखळते, गिऱ्हाईक काय वाचणार!

दादांच्या ट्यूबेवर नजर फिरवताना सहाव्या नावावर मी थांबले. ऑक्टोक्रायलीन. त्याचं तिथे असणं काही गैर नाही. ॲव्होबेन्झोन यूव्हीए चांगलं झेलतं, पण उन्हातच हळूहळू मोडत जातं. ऑक्टोक्रायलीन त्याला टेकू देतं, शिवाय स्वतः यूव्हीबी अडवतं. म्हणून निम्म्याहून जास्त ट्यूबांत ती जोडी असतेच, आणि बहुतेकांना ती सोसते. पण केटोप्रोफेन आणि ऑक्टोक्रायलीन ही नावं मी कुठेतरी एकत्र वाचली होती. दहा मिनिटं शोधल्यावर सापडलं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये केटोप्रोफेनच्या जेलची फेरतपासणी केली होती. जेल चालू ठेवा, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्या, आणि वापरताना व नंतर दोन आठवडे ती जागा उन्हापासून झाका, असं तेव्हा ठरलं. त्याच तपासणीत ऑक्टोक्रायलीनचा उल्लेख होता. केटोप्रोफेनने उन्हाची ॲलर्जी झालेल्यांपैकी अनेकांना ऑक्टोक्रायलीनही सोसत नाही.

म्हणजे उन्हापासून वाचायला दिलेली वस्तूच त्यांना उन्हात भाजत होती. आणि ती कापडाने झाकता येईल अशा हातावर नाही, थेट तोंडावर चोपडली होती. जेल चेहऱ्याला कधी लागलंच नव्हतं आणि बंद करूनही जवळजवळ महिना झाला होता, म्हणून ट्यूबेवरचा संशय पक्का झाला. तरी संशयच. फार्मासिस्टने निदान करायचं नसतं. मी चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहिली आणि दादांना स्किनच्या डॉक्टरांकडे धाडलं. जाताना गमछा तोंडावर घ्या, गाडी आज दुसऱ्याकडे द्या, एवढं बजावलं. ते गेल्यावर मात्र गल्ल्यावर बसवेना. त्यांच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी आधी माफीच मागितली. "ताई, तुम्हाला काय स्वप्न पडलं हुतं व्हय," एवढंच त्या म्हणाल्या.

पुरळ पूर्ण ओसरल्यावर तीन-चार आठवड्यांनी कोल्हापूरला त्यांची तपासणी झाली. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या लावतात, दोन सारखे संच. एक संच झाकून ठेवतात, दुसऱ्यावर मोजून यूव्हीए सोडतात आणि पुढचे काही दिवस बघतात. झाकलेल्या बाजूला दादांची पाठ कोरी. प्रकाश पाडलेल्या बाजूला दोन टिकल्या लाल, केटोप्रोफेनची आणि ऑक्टोक्रायलीनची. त्यांनी फोटो मला पाठवला. एवढ्या आनंदाने स्वतःच्या पाठीचा फोटो पाठवणारा माणूस मी पाहिला नाही.

मग प्रश्न उरला, लावायचं काय? उलट्या ट्यूबांची पाळी पुन्हा आली. आठांवर फुली. त्यातल्या एकीवर पुढे मोठ्या अक्षरात 'मिनरल' होतं आणि मागे झिंक ऑक्साइडच्या खालीच ऑक्टोक्रायलीन. याचा मला खरा राग आला. राहिल्या तीन. एकीत नुसतं झिंक ऑक्साइड आणि टिटॅनियम डायऑक्साइड. हे आरशासारखं किरण परतवतं असं आम्ही शिकलो आणि वर्षानुवर्षं तेच सांगत आलो, पण तेही बहुतांश किरण शोषूनच घेतं. दुसरीत टिनोसॉर्ब नावाचा किरण अडवणारा घटक, मागे त्याचं नाव दीड ओळीचं. ते उन्हात सहसा मोडत नाही, म्हणून टेकू लागत नाही. तिसरीत झिंकच्या जोडीला आयर्न ऑक्साइडचा गव्हाळ रंग. तो डोळ्यांना दिसणारा उजेडही थोडा अडवतो, म्हणून वांग असलेल्या बायकांना मी तीच सुचवते.

डॉक्टरांनी पहिली पसंत केली. दादांनी माझ्यासमोर लावून पाहिली. त्यांच्या रंगावर ती अशी पांढरी उमटली की आमचा कामाला असलेला पोरगा म्हणाला, "दादा, गिरणीतनं आलाय का?" शेवटी तिसरीवर तडजोड झाली. हाताला मात्र क्रीम नाहीच, पूर्ण बाहीचा सुती शर्ट.

त्यांच्यासाठी मी एक कार्ड केलं. केटोप्रोफेन, ऑक्टोक्रायलीन, बेन्झोफेनोन-३, इंग्रजी मोठ्या लिपीत. खाली फेनोफायब्रेट. ती रक्तातली चरबी कमी करायची गोळी, पण केटोप्रोफेनची अशी ॲलर्जी असलेल्याने ती घ्यायची नसते. दादांचे ट्रायग्लिसराइड आज ना उद्या वाढणारच, त्यांचा डबा मी पाहिलाय.

कार्ड लॅमिनेट करून त्यांनी गाडीत आरटीओच्या कागदांबरोबर ठेवलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण नंबरप्लेटमुळे अक्षरं सगळी ओळखीची. दिवाळीच्या आधी रात्री व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. पुण्यातल्या कुठल्याशा मॉलमध्ये मुलीने त्यांच्यासाठी ओठांचा बाम घेतला होता, त्याची मागची बाजू. एका शब्दाभोवती बोटाने लाल गोल काढलेला. खाली त्यांचा आवाज: "मॅडम, ओ सी टी ओ. जुळतंय का बघा. पोरगी म्हणती नुसता बाम हाय, पर मी काय लावत न्हाई."

जुळत होतं.