सासऱ्यांच्या पणजीचं आडनाव शोधताना माझी झालेली फजिती

सासरे इंग्लिश, वय ७८. त्यांच्या पणजीचं माहेरचं आडनाव फॅनशॉ, एवढंच ते लहानपणापासून ऐकत आलेले, लिहिलेलं कधी बघितलेलं नाही. मी म्हटलं मी काढते शोधून, त्यात काय.

फॅनशॉ नावाचं एक जुनं घराणं डर्बीशायरचं आहे, होम्सफील्डजवळ त्यांचा वाडा पण आहे, फॅनशॉ गेट हॉल. झालं, मी दोन महिने डर्बीशायर उकरत बसले. एकही माणूस जुळेना.

मग सासऱ्यांच्या आजीचा जन्मदाखला मागवला, कारण इथे इंग्लंडमध्ये १८३७ पासून सरकारी नोंदणी आहे आणि जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं. दाखला आला तर त्यावर भलतंच काहीतरी, फेदरस्टोनहॉ! इंग्रजीत मोजून सतरा अक्षरं. मला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाचा दाखला पाठवला, पैसे गेले म्हणून चरफडत होते. लायब्ररीत एक आजी भेटल्या त्यांना दाखवला, तर त्या हसून म्हणाल्या, अगं हेच फॅनशॉ, लिहायचं एवढं लांबलचक आणि म्हणायचं फॅनशॉ. (काहीजण पूर्ण पण म्हणतात म्हणे.)

हे आडनाव नॉर्थम्बरलंडचं, हॉल्टव्हिसलजवळ साउथ टाइन नदीच्या काठी फेदरस्टोन कॅसल आहे तिथलं. फेदर म्हणजे इथे पीस नाही हं, जुन्या इंग्रजीत तो चार या अर्थाचा शब्द, म्हणजे चार दगड, तीन उभे आणि वर एक आडवा. आणि शेवटचं हॉ म्हणजे नदीकाठची सपाट जमीन, आमच्या सांगलीकडे मळी म्हणतात तसली. म्हणजे आपल्या गावावरून 'कर' लावतो तसाच प्रकार.

पुढचा त्रास स्पेलिंगचा. ऑनलाइन शोधात 'सारखे उच्चार' असा पर्याय असतो तो अक्षरांवर चालतो, त्यामुळे फॅनशॉ टाकलं तर फेदरस्टोनहॉ येतच नाही, शेवटी मधल्या अक्षरांच्या जागी स्टार टाकून शोधलं तेव्हा १८५१ च्या जनगणनेत पणजी सापडली, वय ६, आणि त्यात जन्माचं पॅरिश (म्हणजे चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर) लिहिलेलं असतं, हॉल्टव्हिसल! १८४१ ची जनगणना मात्र डोकं खाते, त्यात पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली. पणजीच्या बापाचं वय तिथे ३०, दहा वर्षांनी थेट ४४, मी आधी त्याला दुसराच माणूस समजून सोडून दिलं होतं. हा बाप, टॉमस, शिशाच्या खाणीत कामाला.

सासऱ्यांना सांगितलं तर ते जरा हिरमुसले, कॅसलचं काय मग? म्हटलं थांबा, अजून चर्चची रजिस्टरं बघायचीत. तिथे सध्या दोन टॉमस निघालेत, आणि दोघांचं स्पेलिंग वेगळं.