बधीर पण आहे आणि दुखतंय पण

आज पण तेच. सकाळी अंबडला ड्युटीला निघालो तर गाडीवर गार वारं हनुवटीला लागलं आणि उजवीकडे असं चरचरलं की त्रिमूर्ती चौकात थांबून आधी तोंडाला रुमाल बांधला मग परत हेल्मेट. नाशिकची थंडी मला एरवी आवडते, यंदा नको झालीये. आणि तीच हनुवटी बोटाने दाबली तर धड कळत पण नाही.

दिवाळीनंतर खालची उजवी अक्कलदाढ काढली. आडवी होती, हाड थोडं कापून तुकडे करून काढावी लागली. इंजेक्शनचा असर संध्याकाळपर्यंत जाईल म्हणाले होते, तर दुसऱ्या दिवशी पण ओठ जाडच. मग तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणका सुरू झाला, तो ड्राय सॉकेट निघाला, म्हणजे खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जाते आणि हाड उघडं पडतं. ड्रेसिंग केल्यावर तो थांबला. पण ओठाचं हे जे आहे ते तसंच राहिलं, आणि त्यात हळूहळू जळजळ, मुंग्या, दाढी करताना करंट मारल्यासारखं असं सगळं चालू झालं. पेनकिलर घेऊन काडीचा फरक नाही. आईने लवंगेचं तेल लावायला लावलं, ते पण झालं.

सगळ्यांचा एकच प्रश्न, बधीर आहे ना मग दुखेल कसं? आईचा तोच, शिफ्टमधल्या पोरांचा तोच, भावोजी तर म्हणाले दाढच काढली ना रे, त्यात एवढं काय. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, तोंड वाकडं नाही, हसतो बोलतो नॉर्मल.

शेवटी गंगापूर रोडला एका मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबड्या-चेहऱ्याच्या सर्जनला दाखवलं, त्यांनी एक्सरे समोर धरून समजावलं. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, दाढांच्या मुळांच्या खालून, आणि पुढे हनुवटीजवळच्या भोकातून ओठात येते. तिचं काम फक्त जाणवणं. ओठ हलवणारी नस वेगळी, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. आणि दुखावलेली नस बाहेरचं नीट कळवत नाही पण आतून स्वतःच सिग्नल सोडत बसते. मी मेंटेनन्सवाला, मला लगेच पटलं, अर्धवट तुटलेली वायर बल्ब पेटवत नाही पण ठिणग्या मारतेच की.

मग कापसाने आणि पिनने तपासत तपासत त्यांनी पेनाने हनुवटीवर बधीर भागाची हद्द आखली आणि फोटो काढून ठेवला, पुढच्या वेळी हद्द आत सरकली का बघायला. तसाच निळी रेघ घेऊन घरी आलो, बायको हसून हसून दमली. बी ट्वेल्वच्या गोळ्या आणि रात्रीची प्रीगाबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्यावरची गोळी, चालू आहे, सकाळी डोकं जड असतं तिने. बहुतेकांचं काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत सुधारतं म्हणाले, नस भरून यायला लागली तरी दिवसाला साधारण १ मिलिमीटर. सहा महिन्यांनी पण काहीच फरक नसेल तर मग अवघड. मुंग्या वाढल्या तर घाबरू नका, नस जागी होताना पण येतात.

जिभेची नस वेगळी असते, ती वाचली हे नशीब, नाहीतर चव पण गेली असती. रविवारी मिसळ खाल्ली, चव एकदम ओके, फक्त रस्सा हनुवटीवरून ओघळतो तो मला कळत नाही, बायको टेबलाखालून पाय मारते मग पुसतो. चहा मात्र डाव्या बाजूनेच पितो, ओठ भाजला तरी समजणार नाही म्हणून.

राग एकाच गोष्टीचा आहे. काढायच्या आधीच्या ओपीजीतच, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्सरेतच, दाढेची मुळं नसेच्या नळीला टेकलेली दिसत होती, हे मला या सर्जनने दाखवलं. दाढ काढणाऱ्यांनी एक वाक्य सांगितलं असतं तरी चाललं असतं. सारखी किडत होती, काढली तर असतीच मी. पण मग दुसऱ्या दिवशी बधीर ओठ घेऊन आरशासमोर पॅरालिसिस झाला की काय म्हणून गाल फुगवून बघत उभा राहिलो नसतो.

आता डावीकडची पण तशीच आडवी आहे. ती कधी काढायची झाली तर आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, करायचा, आणि नसेला फार चिकटून असेल तर मुळं तशीच ठेवून फक्त वरचा भाग काढतात म्हणे, कोरोनेक्टॉमी, ते याच सर्जनशी बोलायचं. सध्या ती काही बोलत नाहीये तर मी पण तिला काही बोलत नाही.