पांढरा लोगो राखाडी का दिसतो

न्यूक या कॉम्पोझिटिंगच्या (वेगवेगळी चित्रे एका शॉटमध्ये जोडण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये नवी स्क्रिप्ट, म्हणजे कामाची फाइल, उघडली की मी आधी कीबोर्डवरचा 'एस' दाबून प्रोजेक्ट सेटिंग्जमधला रंगाचा भाग तपासतो. ही सवय मला एका लोगोने लावली. जाहिरातीच्या एका शॉटवर पांढराशुभ्र लोगो बसवायचा होता. पीएनजी आत आणताच तो व्ह्यूअरमध्ये मळकट राखाडी दिसू लागला, म्हणून मी ग्रेड नोड (रंग आणि उजेड बदलणारा न्यूकमधला टप्पा) लावून गेन, म्हणजे उजेडाचा गुणक, वाढवत नेला. पांढरा उजळला खरा, पण त्या लोगोतल्या लाल पट्टीचा रंग ओळखू येईनासा झाला.

चूक लोगोची नव्हती, माझी होती. मी वापरत होतो त्या एसेस या रंगव्यवस्थापनाच्या पद्धतीत १.० ही किंमत म्हणजे पडद्याचा कमाल उजेड नव्हे. त्याच्या वर दिवे, सूर्य आणि चमक यांना जागा ठेवलेली असते, त्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्ममधून (पडद्यासाठी रंग बदलणाऱ्या शेवटच्या रूपांतरातून) जाताना १.० हा फिकट राखाडीच उमटतो. लोगो पडद्यावर जसाच्या तसा हवा असेल, तर फाइल आत आणणाऱ्या रीड नोडमध्ये त्याची कलरस्पेस (फाइलमधले आकडे कोणते रंग दाखवतात ते सांगणारी व्याख्या) टेक्स्चरची न ठेवता 'आउटपुट - एसआरजीबी' ठेवावी लागते. तसे केल्यावर तो ट्रान्सफॉर्म उलटा लागतो आणि एसेस १ च्या कॉन्फिगमध्ये (रंगांच्या नियमांच्या फाइलमध्ये) पांढऱ्याची किंमत थेट १६ च्या आसपास जाते. असा लोगो डिफोकसच्या (चित्र धूसर करणाऱ्या नोडच्या) आधी जोडला तर तो ट्यूबलाइटसारखा पसरतो. म्हणून मी तो कॉम्पच्या, म्हणजे जोडकामाच्या, अगदी शेवटी जोडतो.

मांडणी तशी सोपी आहे. 'ओसीआयओ' (ओपनकलरआयओ या रंगव्यवस्थापनाच्या लायब्ररीचे लघुरूप) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे मशीनवरची एक सेटिंग, कॉन्फिग फाइलकडे वळवायचे, आणि ते प्रत्येकाच्या मशीनवर हाताने न भरता सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या लाँचरमधूनच भरायचे, म्हणजे न्यूक आणि माया, हुडिनी ही थ्रीडी सॉफ्टवेअर एकाच फाइलवर चालतात. ओपनकलरआयओ ही सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सची निर्मिती असून तिचा कोड २०१० साली सर्वांसाठी मुक्त झाला. कामाची कलरस्पेस एसेसमधलीच एसेससीजी ठेवावी. एसेस २०६५-१ या दुसऱ्या कलरस्पेसचे प्राथमिक रंग डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्याही बाहेर जातात, त्यामुळे ती साठवणुकीला आणि देवाणघेवाणीला योग्य, ग्रेडिंगला नाही.

खरी गफलत रीड नोडमध्ये होते. अलेक्सा ३५ या कॅमेऱ्याचे फुटेज लॉगसी४ या एन्कोडिंगमध्ये येते. ते जुन्या लॉगसी३ ने वाचले तर एक्स्पोजरच चुकल्यासारखे वाटते, आणि मग आपण ते डोळ्यांनी 'सुधारत' बसतो. मास्कचे उदाहरण याहून बोलके आहे: पीएनजी मास्क (चित्राचा कोणता भाग ठेवायचा ते सांगणारे काळे-पांढरे चित्र) एसआरजीबी समजून वाचला, तर कडेवरची ०.५ ही किंमत ०.२१ होते आणि केसांच्या बटा कुरतडल्यासारख्या दिसतात. मास्क, डेप्थ (खोली) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) हे रंग नसून आकडे आहेत. त्यांना 'रॉ'ची, म्हणजे रूपांतर न करण्याची, खूण हवीच.

काम सुरू करण्यापूर्वी मी एक चाचणी करतो. प्लेट (शूट केलेले मूळ दृश्य) वाचायची, मध्ये काहीही न करता डिलिव्हरीच्याच कलरस्पेसमध्ये लिहायची, पुन्हा वाचायची, मूळ प्लेटशी मर्ज नोडच्या 'डिफरन्स'ने (दोन चित्रांतला फरक दाखवणाऱ्या पर्यायाने) ताडायची आणि व्ह्यूअरचा गेन बराच वाढवायचा. राउंडिंगची किरकोळ कुरबूर दिसली तर हरकत नाही. पण नायिकेच्या चेहऱ्याची आकृती उमटू लागली, तर कुठेतरी एखादे रूपांतर दोनदा झाले आहे किंवा राहून गेले आहे, आणि ते सापडेपर्यंत मी एकही नोड जोडत नाही.