तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅपर्चर बदलणारा फोनच का?

दर दिवाळीला नात्यातलं कोणीतरी फोन घ्यायला निघतं आणि मला विचारतं, "अ‍ॅपर्चर बदलणाऱ्या कॅमेऱ्याचा एवढा हट्ट का गं? सॅमसंगनेसुद्धा सोडून दिलं की." एकदाच नीट सांगते. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक. 'एफ/'पुढचा आकडा लहान तितकं भोक मोठं. भोक लहान केलं की जवळचं-लांबचं जास्त स्पष्ट येतं, पण उजेड कमी मिळतो.

सोडलं, खरं आहे. २०१८च्या गॅलेक्सी एस९मध्ये एफ/१.५ आणि एफ/२.४ अशी दोन अ‍ॅपर्चर होती, २०२०च्या एस२०मध्ये ती गेली. बरं झालं, असं तेव्हा मीच म्हणाले होते. त्यातला सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, इतका लहान की एफ/१.५लाही बहुतेक सगळं स्पष्टच यायचं. "सेन्सर मोठा करा, बाकी सगळं नाटक," हे माझंच वाक्य. पुढे सेन्सर मोठे झाले आणि मी एक इंचीवाला फोन घेतला. (तो 'इंच' नावापुरता. जुन्या व्हिडिओ नळ्यांच्या मापावरून आलेला. सेन्सरचा कर्ण भरतो १६ मिलिमीटर.)

मे २०२४. कोकणात आत्याचं माजघर, रुमालात बांधलेले मोडी कागद. "फोटो हवे तेवढे काढ, पण कागद घराबाहेर न्यायचे नाहीत," आत्या म्हणाली. माझ्या फोनचं अ‍ॅपर्चर एफ/१.७५, कायमचं. वीतभर अंतरावरून साठ-सत्तर फोटो काढले. स्क्रीनवर मधल्या ओळी लखलखीत दिसत होत्या. कडा मोठ्या करून पाहिल्या नाहीत. आत्या दिवा धरून उभी होती, तिचा हात भरून येत होता.

घरी लॅपटॉपवर उघडले. मधलं अक्षर अन् अक्षर लागतं, कडेला शाई पाण्यात विरघळावी तसं दिसतं. एवढा मोठा सेन्सर, एवढं उघडं अ‍ॅपर्चर आणि इतक्या जवळून फोटो, म्हणजे स्पष्ट येतो तो जेमतेम सेंटीमीटरभराचा थर. शंभर वेळा घडी पडलेल्या कागदाच्या कडा त्याहून वर उचललेल्या होत्या. परत जाईन म्हटलं. त्याच पावसात मागची भिंत खचली, फडताळ भिजलं, कागदांचा लगदा झाला.

एका गहाणखताच्या तळाशी 'निशाणी नांगर' एवढं वाचता येतं, म्हणजे सहीऐवजी शेतकऱ्याची नांगराची खूण. नांगर कोणाचा, ते नाव डाव्या कडेला होतं.

एफ/४ असतं तर तो थर दुपटीहून जाड झाला असता. शाओमी १३ अल्ट्रात एक इंची सेन्सरवर एफ/१.९ आणि एफ/४ दोन्ही होती, २०२३मध्येच. मला ते ठाऊक होतं आणि मी ते नाटकात मोजलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हातभर मागे सरून झूम करायचं, कागदावर काच ठेवायची. बरोबर आहे. मला हे येत होतं, त्या दिवशी मी ते केलं नाही. मग दोष फोनचा की माझा? कधी वाटतं, सगळा माझाच. पण घाईत, दुसऱ्याच्या घरी, पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टीसमोर माणूस कसा वागतो हेही धरायला नको का? शिवाय एफ/४ला उजेड पाचव्या हिश्श्याइतकाच आला असता. त्या माजघरात हात हलून कदाचित अख्खं पान गेलं असतं. हे गणित मी कितीदा मांडलंय, उत्तर दर वेळी बदलतं. तरी पुढचा फोन मी अ‍ॅपर्चर बदलणाराच घेतला.

आत्या अजून फोनवर विचारते, "नाव लागलं का गं?" मी ती कडा पुन्हा मोठी करून बघते. पहिलं अक्षर 'रा' असावं.